दहा आकडी आवडती संख्या

गणिताची आवड आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग तुमची आवडती संख्या कोणती?" समोरच्याला 7 किंवा 13 ऐकायचं असतं. मी 4294967297 सांगते. मग, "बाप रे, का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

2 चा 32 वा घात, त्यात 1 मिळवला की ही संख्या. 32 च्या जागी 1, 2, 4, 8, 16 घेतले तर 3, 5, 17, 257, 65537 येतात आणि पाचही मूळ संख्या आहेत. रांग अशीच पुढे चालणार, असं सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने धरून चाललं. सिद्धता जमत नाही हे त्याने पत्रांत कबूलही केलं होतं, पण खात्री पक्की. 1732 साली ऑयलर या स्विस गणितज्ञाने दाखवलं की आमची ही सहावी म्हणजे 641 गुणिले 6700417.

641! किती जवळ होतं. या संख्येचा मूळ अवयव 64 च्या पटीत 1 मिळवूनच येऊ शकतो, म्हणजे तपासायच्या फक्त 193, 257, 449, 577, 641... मी एकदा वहीत हे भागाकार करत बसले. बाकी आली 109, मग 2 (इथे जीव वरखाली झाला), मग 325, 288 आणि पाचव्याला 0. हा 64 चा नियम ज्या प्रमेयातून निघतो ते खुद्द फर्माचं. हत्यार घरचंच होतं, चालवलं नाही एवढंच.

भागाकाराचा कंटाळा असेल तर दुसरी वाट आहे. 640 म्हणजे 5 गुणिले 2 चा 7 वा घात. 641 ने भागताना 640 ची बाकी उणे 1 धरता येते, पूर्ण भाग जायला 1 च कमी म्हणून. त्याचा चौथा घात 1. म्हणजे 625 गुणिले 2 चा 28 वा घात, बाकी 1. पण 625 म्हणजे 641 वजा 16, तेव्हा 625 च्या जागी उणे 16 लिहा. 16 हा 2 चा चौथा घात, म्हणून 2 च्या 32 व्या घाताची बाकी उणे 1. त्यात 1 मिळवला की शून्य. चार ओळींत काम फत्ते! मला तर हे भागाकारापेक्षा कितीतरी देखणं वाटतं.

आणखी एक गंमत: या संख्येतून 2 वजा करा, त्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार हाती येतो. केवळ पट्टी आणि कंपास वापरून काढता येणाऱ्या सुसम बहुभुजांपैकी विषम बाजूंचा आज माहीत असलेला सर्वांत मोठा बहुभुज तितक्याच बाजूंचा, 4294967295. काढून कोण बघणार म्हणा.

रांगेतली सातवी, 2 चा 64 वा घात अधिक 1, तीही फुटते. तिथे 128 च्या पटीत 1 मिळवून शोधायचं, आणि 274177 हा अवयव 2142 व्या पटीला सापडतो. ती वही मी उघडलेली नाही.