पणजीचं माहेर

आमच्याकडे वंशावळीचा एक मोठा कागद आहे, काकांनी खूप कष्ट घेऊन तयार केलेला. मूळ पुरुषापासून माझ्या चुलतभावांपर्यंत सगळे त्यात आहेत. म्हणजे सगळे पुरुष. ज्या घरात मुलगा झाला नाही तिथे 'निर्वंश' लिहून रेघ थांबते, मग त्या घरात चार लेकी का असेनात. लहानपणापासून हा कागद बघत आलेय आणि दर वेळी राग आलाय. शेवटी ठरवलं, आजोबांच्या आईचं माहेर शोधून काढायचं.

पणजीबद्दल घरात फारसं कुणाला काही ठाऊक नव्हतं. आजोबा लहान असतानाच ती गेली, पणजोबांनी दुसरं लग्न केलं आणि पहिलीच्या माहेराशी येणंजाणं तुटलं. सासरी ठेवलेलं नाव माहीत होतं. माहेरचं नाव, आडनाव, गाव, काहीच नाही. "सिन्नरकडची असावी," असं आत्या म्हणते, तेही तिच्या कानावर पडलेलं.

आधी पुण्याला पेशवे दफ्तरात गेले. दगडी इमारत, आत कापडात बांधलेले हजारो रुमाल, बहुतेक सगळे मोडीत. रियासतकार सरदेसाईंनी 1930 ते 1934 या काळात यातून निवडक कागदांचे 45 खंड छापले, आणि तरीही जे छापलं गेलं ते एकूण दफ्तराच्या मानाने मूठभरच. बघून छाती दडपते. पण तिथे जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं : ते दफ्तर राज्यकारभाराचं आहे. घराण्यात पाटीलकी, कुलकर्ण, इनाम, वतन, सरदारी असं काही असेल तर कागद मिळण्याची आशा. साध्या कुळाचं नाव तिथे सापडणं अवघड, आणि त्या कुळातल्या सुनेचं तर त्याहून. तिथल्या माणसांनी नीट ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, तुमचं काम तालुक्याला.

तालुक्याच्या कचेरीचं नाव घेत नाही. अभिलेख कक्षात गर्दी होती. 2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेल्यापासून ज्यांनी कधी आजोबांच्या वडिलांचं नाव विचारलं नव्हतं ती माणसंही गाव नमुना चौदा, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंचं रजिस्टर, मागायला यायला लागली. एका अर्थी फार चांगलं झालं. वर्षानुवर्षं धूळ खात पडलेल्या रजिस्टरांचं स्कॅनिंग झालं, मोडी वाचणाऱ्यांना विचारणारं कुणी आलं. पण माझ्या वाट्याला आलं ते "उद्या या", मग "साहेब नाहीत", मग "ते रजिस्टर जीर्ण आहे, देता येत नाही." नकलेचा अर्ज केला होता, त्याची पोचही द्यायला तयार नव्हते. बसायला जागा नाही, प्यायला पाणी नाही. एक म्हातारे गृहस्थ पिशवीत जुने सातबारे घेऊन जिन्यात बसले होते, कधीपासून कोण जाणे. माझा संताप झाला तो खरा त्यांच्याकडे बघून. हे कागद त्यांच्याच बापजाद्यांचे आहेत.

पुढे रजिस्टर बघायला मिळालं. कोतवाल बुकात, म्हणजे त्याच जन्म-मृत्यूच्या रजिस्टरात, पणजीच्या मृत्यूची नोंद असणार हे धरून गेले होते आणि ती निघालीही. अमक्याची बायको, वय, तारीख, आजार 'ताप'. तिचं स्वतःचं नाव त्यात नाही. जन्माची नोंद शोधावी तर ती माहेरच्या गावात, आणि ते गाव कोणतं हेच तर शोधायचं होतं. शिवाय त्या काळच्या जन्मनोंदीत पुष्कळदा बापाचं नाव आणि पुढे नुसतं 'मुलगी' एवढंच असतं. फेरफारातून लेकी सापडतात, पण त्या बहुतेक 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानंतरच्या. बाप गेला की वारस म्हणून लेकींची नावं लागतात, आणि मागोमागच्या फेरफारात हक्कसोड होऊन ती निघूनही जातात. मला हे फेरफार वाचताना फार वाईट वाटतं, पण शोधणाऱ्याला ते सोन्यासारखे : लेकीचं सासरचं नाव, गाव, सगळं त्या एका नोंदीत मिळतं. माझी पणजी मात्र त्या कायद्याच्या कितीतरी आधी गेली होती.

तेव्हा आत्या म्हणाली, "अगं, दादा, म्हणजे तुझे आजोबा, त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन नाशिकला गेले होते. तिथे लिहिलं असेल की."

रामकुंडावर पोहोचले तेव्हा उन्हं वर आली होती. गर्दी, घसरडा घाट, पाण्यावर तरंगणारी फुलं आणि प्लॅस्टिक. गोदावरीची ही अवस्था बघवत नाही, आणि ती करणारे आपणच. चार पावलं टाकली की कुणीतरी विचारतं, "कुठलं गाव?" पहिल्यांदा मी चुकवून पुढे गेले. दुसऱ्या वेळी उत्तर दिलं, कारण तोच तर रस्ता आहे. इथल्या तीर्थोपाध्यायांकडे, म्हणजे येणाऱ्या कुळांच्या नोंदवह्या ठेवणाऱ्या पुरोहितांकडे, गावं वाटलेली असतात. आडनाव सांगून कुणी काही सांगू शकत नाही, आधी गाव लागतं, तेही मूळ गाव. संगमनेर तालुका आणि आमच्या गावाचं नाव सांगितल्यावर त्याने पंचवटीतली एक गल्ली दाखवली.

गुरुजी साठीचे असतील. मी एकटीच आलेय हे बघून त्यांनी विचारलं, "सासरचं बघायचंय की माहेरचं?" म्हटलं, माहेरचं. पण खरं तर माझ्या माहेरच्या एका सुनेचं माहेर. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्या आजोबांचं आजोळ. मग आजोबा इथे येऊन गेलेत का ते सांगा. आले असले तर सापडेल."

त्यांच्या आवाजातल्या खात्रीचं मला नवल वाटलं. पुण्यात, तालुक्यात जे निघालं नव्हतं ते यांच्या कपाटात कसं असेल?

लोखंडी कपाट उघडलं आणि वेखंडाचा उग्र वास खोलीभर पसरला. कसर लागू नये म्हणून वह्यांमध्ये वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवलेल्या. लाल कापडात गुंडाळलेल्या लांबट वह्या, शिवण वरच्या बाजूला, पान खालून वर उलटायचं. आधी अनुक्रमणिकेची वही : तालुका, त्याखाली गावं, गावाखाली कुळं. आमच्या आडनावाची दोन वेगळी कुळं एकाच गावात निघाली. मी पणजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव सांगितल्यावर त्यांनी बोट ठेवलं, "हे तुमचे." मग दुसरी वही, मग तिसरी. काकू चहा ठेवून गेल्या. घाई कुणालाच नव्हती.

आजोबांचा लेख शके 1860 चा होता, म्हणजे 1938 च्या आसपासचा. त्यांचं अक्षर मी लगेच ओळखलं. 'ळ'ला ते खाली एक लांब शेपूट काढत, मला पाठवलेल्या पोस्टकार्डांवर ते शेपूट मी शंभरदा पाहिलं होतं. इथे ते विशीतल्या हाताने काढलेलं होतं. वडिलांच्या अस्थी घेऊन आलो, सोबत धाकटा भाऊ, अमुक यांस तीर्थोपाध्ये मानून लेख लिहून दिला, खाली सही.

आणि लेखाच्या खाली नावांच्या ओळी. गुरुजींनी समजावून सांगितलं. तीर्थश्राद्धाच्या संकल्पात नुसते बाप, आजा, पणजा नसतात. आई, आजी, पणजी यांचीही नावं घ्यायची असतात, आणि मग आईचे वडील, आजोबा, पणजोबा, म्हणजे मातामहाकडच्या तीन पिढ्या. त्यामुळे यजमान आला की ही सगळी नावं विचारून वहीत उतरवून घेण्याची पद्धत. पुढच्या पिढीला आठवली नाहीत तर वहीतून वाचून सांगता येतात. आजोबांची सावत्र आई तेव्हा हयात होती, म्हणून तिचं नाव त्यात नव्हतं. 'माता' म्हणून होती ती माझी पणजी, आणि 'मातामह' म्हणून तिचे वडील, आडनावासकट. समासात गुरुजींच्या आजोबांनी मोडीत एक शब्द लिहून ठेवलेला. तो त्यांनी वाचला. सिन्नर तालुक्यातलं एक गाव.

मी रडले. गुरुजी काही बोलले नाहीत, वही मात्र हळूच बाजूला सरकवली, पान भिजू नये म्हणून.

त्या गावाचे तीर्थोपाध्याय दुसरे. गुरुजींनी स्वतः फोन केला आणि मला पत्ता दिला. दुपारी तिथे पोहोचले. इथली वही जास्त जुनी, सगळी मोडी. आधी ओळीभर वर आडवी रेघ आणि तिला लटकलेली अक्षरं, दोन शब्दांत फट नाही, कुठून सुरू कुठे संपलं काही कळत नाही. हे गुरुजी मात्र वर्तमानपत्र वाचावं तसं वाचत होते. मातामहाचं नाव लागलं. त्याच कुळात शके 1835 चा, म्हणजे 1913-14 मधला, एक लेख निघाला. लिहून देणारा त्यांचा मुलगा, पणजीचा भाऊ. बाप, आजा, पणजा, आई, बायको. आणि मग : बहिणी दोन. एकेकीचं नाव, आणि पुढे 'दिली' लिहून सासरचं गाव. दुसरीपुढे आमचं गाव होतं.

"बहिणी सहसा लिहीत नाहीत," गुरुजी म्हणाले. श्राद्धाला त्यांच्या नावांची गरज पडते असं नाही, वारसाला तर तेव्हा नव्हतीच. या माणसाने तरीही लिहिल्या. कुणी सांगितलं नसताना आपल्या बहिणी कुठे दिल्यात हे वहीत नोंदवून गेला, म्हणून शंभरहून जास्त वर्षांनी मी तिथे बसून तिचं माहेरचं नाव वाचू शकले. नाव इथे लिहीत नाही, त्या गावातल्या तिच्या माणसांना ते माझ्या तोंडून आधी कळायला हवं. पण या भावाबद्दल मला फार माया वाटते.

फोटो काढू दिला नाही. हाताने उतरवून घ्या म्हणाले. सुरुवातीला हे मला खटकलं, पण वारसाच्या भांडणांत या वह्या कोर्टात पुराव्याला मागवल्या जातात, आणि एका पानावर चार कुळांची नावं असतात. त्यांची काळजी मला पटली. दक्षिणा किती ते दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. एवढं मात्र वाटलं की हे सगळं एकेका घराच्या कपाटावर आणि एकेका म्हाताऱ्या माणसाच्या मोडीवर टिकून आहे. पहिल्या गुरुजींचा मुलगा पुण्यात नोकरी करतो, मोडी त्याला येत नाही.

संध्याकाळी परत पहिल्या घरी गेले, आपल्या कुळाचा नवा लेख लिहायला. बाबा 1991 नंतर आले नव्हते. "भावाला पाठवा की," काकू म्हणाल्या. म्हटलं, भाऊ येईल तेव्हा येईल, मी आलेय ना. गुरुजींनी पेन दिलं. मी बाबांचं लिहिलं, आईचं लिहिलं आणि तिच्या माहेरचं गाव, आजीचं आणि तिच्या माहेरचं, पणजीची दोन्ही नावं. मग आत्या, तिच्या लेकी, माझ्या चुलतबहिणी, प्रत्येकीपुढे सासरचं गाव. ज्या घरापुढे काकांच्या कागदात 'निर्वंश' लिहिलंय त्या घरातल्या चारही लेकी, नावानिशी. जागा संपली तेव्हा गुरुजींनी पान उलटून दिलं.

तुम्हाला जायचं असेल तर 2027 च्या सिंहस्थाची धामधूम सुरू व्हायच्या आत जा. नंतर या मंडळींना वहीजवळ बसायला वेळ मिळणार नाही. निघण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला तिचं आजोळ, तिच्या आईचं आजोळ विचारून घ्या, कारण गावाचं नाव नसेल तर वही उघडणार कुठून? दक्षिणेकडचे असाल, सांगली-कोल्हापूर-बेळगाव भागातले, तर सुगीनंतर वंशावळ घेऊन दारोदार येणाऱ्या हेळव्यांना रिकाम्या हाती परत पाठवू नका, त्यांना बसवून घ्या आणि लेकींची नावंही लिहायला सांगा. मी आता सिन्नरकडे निघालेय. त्या भावाचा वंश गावात आहे असं गुरुजी म्हणाले, त्यांच्या वहीत 2004 चा लेख आहे.