आमची वाटचाल: डबोचं वर्कशॉप, बर्कचा रस्ता आणि सरकारी निविदा

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात डबो हे शहर आहे. तिथल्या आमच्या छोट्या कंपनीचं काम म्हणजे सरकारी कार्यालयं, शाळा, आरोग्य केंद्रं यांच्या इमारतींमधली विजेची कामं. स्विचबोर्ड बदलणं, एलईडी दिवे बसवणं, आरसीडीच्या (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणाऱ्या उपकरणाच्या) चाचण्या, आणि दर सहा महिन्यांनी इमर्जन्सी व एक्झिट दिव्यांची तपासणी. मी मूळचा सांगलीचा, इलेक्ट्रिकल इंजिनिअर. कंपनीत माझा हिस्सा चाळीस टक्के. साठ टक्के माझ्या भागीदारांचा. त्या विराड्जुरी समाजाच्या, म्हणजे या भूमीच्या मूळ रहिवाशांपैकी (ॲबोरिजिनल). कॉन्ट्रॅक्टरचं लायसन त्यांच्या नावावर आहे आणि शेवटचा शब्दही त्यांचाच.

आम्ही दोघं आधी एकाच कंपनीत नोकरीला होतो. त्या साइटवर असायच्या, मी ऑफिसात एस्टिमेट काढायचो. स्वतःचं काम सुरू करायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा दर काढायला आणि कागदपत्रं सांभाळायला त्यांनी मला बोलावलं. हा क्रम मी मुद्दाम सांगतो. कंपनी त्यांची होती, मी नंतर आलो.

सुरुवातीला अडचण भांडवलाची होती. माझ्या ओळखीच्या बहुतेक मराठी मंडळींनी धंदा काढताना घर गहाण ठेवलं, नाहीतर वडिलांकडून, सासऱ्यांकडून पैसे घेतले. माझ्या भागीदारांच्या घरात गहाण ठेवायला काही नव्हतं, आणि त्याला कारण आहे. 1824 मध्ये बाथर्स्ट भागात विराड्जुरींविरुद्ध मार्शल लॉ पुकारला गेला आणि त्यांच्या जमिनी गेल्या. 1909 च्या ॲबोरिजिन्स प्रोटेक्शन ॲक्टखाली मुलींना आईवडिलांपासून तोडून घरकामाला पाठवत, आणि त्यांच्या पगारातला मोठा भाग सरकारी मंडळाच्या ट्रस्ट खात्यात जमा होई. अनेकींच्या हातात तो कधीच आला नाही. माझ्या भागीदारांची आजी त्यांतली एक. पैसे परत करण्याची योजना राज्य सरकारने जाहीर केली ती 2004 मध्ये, तोवर आजी हयात नव्हती. ज्या घरात तीन पिढ्यांना कमाई साठवूच दिली नाही, त्या घरातली मुलगी बँकेत कर्ज मागायला गेली की तिला तारण विचारतात. सरकारी खरेदीत ॲबोरिजिनल मालकीच्या उद्योगांना जागा राखून ठेवण्याचं धोरण मला न्याय्य वाटतं ते यामुळे.

धोरण थोडक्यात असं. केंद्र सरकारचं इंडिजिनस प्रोक्युअरमेंट पॉलिसी 1 जुलै 2015 ला लागू झालं. त्याआधी 2012-13 या वर्षात केंद्राच्या सगळ्या खरेदीतून अशा उद्योगांना मिळालं होतं जेमतेम 62 लाख डॉलरचं काम. नव्या धोरणाने खात्यांना उद्दिष्ट दिलं: कंत्राटांच्या संख्येपैकी 3 टक्के मूळ रहिवाशांच्या उद्योगांना. पुढे रकमेचं उद्दिष्टही आलं. ते 1 जुलै 2025 ला 3 टक्के झालं आणि 2030 पर्यंत 4 टक्क्यांवर न्यायचं आहे. आमच्यासारख्या लहान कंपनीला सगळ्यात उपयोगी पडली ती राखीव तरतूद. 80 हजार ते 2 लाख डॉलरचं कंत्राट असेल, किंवा काम दुर्गम भागातलं असेल, तर खुली निविदा काढण्याआधी अधिकाऱ्याने सप्लाय नेशन या, मूळ रहिवाशांच्या उद्योगांची नोंदणी करणाऱ्या संस्थेच्या यादीत असा लहान उद्योग आहे का, हे पाहायलाच हवं. राज्याचं धोरण वेगळं आहे. न्यू साउथ वेल्समध्ये अडीच लाख डॉलरपर्यंतची खरेदी खातं ॲबोरिजिनल उद्योगाशी थेट बोलणी करून करू शकतं.

नाव यादीत आलं की फोन वाजू लागेल, असं मात्र कुणी समजू नये. अधिकारी आधी आपल्याला पाहील, एवढीच हमी. दर योग्य आहे का, माणसं आहेत का, विमा आहे का, आधीचं काम कसं झालं, हे सगळं इतरांसारखंच तपासलं जातं. आम्ही कॅपॅबिलिटी स्टेटमेंट दोन पानांत बसवलं: काय करतो, कुठपर्यंत जातो, लायसन, विमा, केलेल्या कामांचे फोटो. निविदा हातची गेली की डीब्रीफ मागतो. का नाकारलं ते अधिकारी सांगतात, आणि त्यातून जे शिकायला मिळतं ते कुठल्याही कोर्समध्ये मिळणार नाही. आमची सुरक्षाविषयक कागदपत्रं आज इतकी नेटकी आहेत ती अशाच एका डीब्रीफमुळे.

आमचा खरा जम बसला तो लांबच्या गावांत. डबोहून बर्क सुमारे 370 किलोमीटर. सिडनीतले ठेकेदार तिथल्या कामाचा दर शहराच्या हिशेबाने काढतात, आणि मग एलईडी दिव्याचा एक ड्रायव्हर (दिव्याला योग्य वीज पुरवणारा भाग) कमी पडला म्हणून दुसरी फेरी मारायची वेळ आली की नफा संपतो, माणूस वैतागतो, काम अर्धवट राहतं. एक्झिट दिव्यांचंच घ्या. वीज तोडून दिवा बॅटरीवर दीड तास टिकतो का ते पाहायचं असतं. टिकला नाही तर बॅटरी तिथल्या तिथे बदलून पुन्हा तपासायचं. म्हणजे गाडीत त्या इमारतीतल्या प्रत्येक प्रकारच्या दिव्याच्या बॅटऱ्या हव्यात. आम्ही प्रत्येक इमारतीच्या दिव्यांची नोंद ठेवतो, मुक्कामाचा आणि गाडीचा खर्च दरपत्रकात उघडपणे वेगळा दाखवतो, आणि बर्कला जाताना ब्रुवॉरिना या गावाचं काम त्याच फेरीत बसवतो. शिवाय माझ्या भागीदारांचे नातेवाईक या पट्ट्यात गावोगावी आहेत. आरोग्य केंद्रात कुणाच्या सोयीने वीज बंद ठेवायची, गावात कुणाचं निधन झालंय म्हणून काम पुढे ढकलायचं, हे त्यांना आधी कळतं. निविदेच्या कुठल्याच रकान्यात हे लिहिता येत नाही, पण गावाला त्याची किंमत कळते.

मोठ्या ठेकेदारांच्या हाताखालच्या कामाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ठरावीक क्षेत्रांतल्या 75 लाख डॉलर आणि त्याहून मोठ्या कंत्राटांत मुख्य ठेकेदाराला मूळ रहिवाशांच्या रोजगाराची किंवा पुरवठादारांची अट असते. म्हणून निविदा भरायच्या आठवड्यात फोन येतो, तुमचं नाव घालू का म्हणून. एका बड्या ठेकेदाराने आमचं नाव घातलं, कंत्राट जिंकलं, आणि पुढे आम्हाला एक वायरही ओढायला दिली नाही. आता कामाचा अंदाज आणि दर लेखी मिळाल्याशिवाय आम्ही नाव देत नाही. नव्या उद्योजकांनी हे पहिल्या दिवसापासून करावं.

पैशाचं सांगायचं तर केंद्राच्या 10 लाख डॉलरपर्यंतच्या कंत्राटांत बिल 20 दिवसांत चुकतं होतं, आणि दोन्ही बाजू ई-इन्व्हॉइस वापरत असतील तर 5 दिवसांत. माझे वडील सांगलीत सरकारी कामं घ्यायचे. एकेका देयकासाठी वर्षभर खेटे घातलेले मी पाहिलेत. म्हणून सांगतो, वेळेवर मिळणारं बिल लहान कंपनीला कर्जापेक्षा जास्त तारतं.

आता आपल्या लोकांशी थोडं. सिडनी-मेलबर्नमधले मराठी उद्योजक मला विचारतात, असा एखादा ॲबोरिजिनल भागीदार आम्हाला मिळेल का? नुसतं नाव पुढे करून काम आणि नफा दुसऱ्याने घेण्याला इथे ब्लॅक क्लॅडिंग म्हणतात. आपल्याला हे नवीन नाही. मजूर सहकारी संस्थेच्या नावावर घेतलेलं काम प्रत्यक्षात कोण करतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात विचारा. भारत सरकारच्या 2012 च्या खरेदी धोरणात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योगांसाठी 4 टक्के आहेत. तिथेही कागदावरचा मालक आणि खरा मालक एकच असेल, तरच त्या 4 टक्क्यांना अर्थ आहे. मी विचारणाऱ्यांना नाही म्हणतो, आणि का ते सांगतो. असं प्रत्येक बनावट कंत्राट माझ्या भागीदारांसारख्या कुणाच्या तरी हातातून काढून घेतलेलं असतं.

नियमही कडक होत आहेत. पूर्वी नोंदणीला 50 टक्के मालकी पुरायची. 1 जुलै 2026 पासून 51 टक्के किंवा अधिक मालकी अथवा नियंत्रण हवं, असं सरकारने 2025 मध्ये जाहीर केलं. आम्हाला त्याने फरक पडत नाही, पण निर्णय योग्य आहे.

सध्या आमच्याकडे शिकाऊ मुलं आहेत, बहुतेक ॲबोरिजिनल, त्यांतली एक मुलगी ब्रुवॉरिनाची. चार वर्षांची अप्रेंटिसशिप, टेफ या सरकारी तंत्रशिक्षण संस्थेत वर्ग, बाकी दिवस साइटवर. मी निवृत्त होईन तेव्हा माझा चाळीस टक्के हिस्सा घेण्याचा पहिला हक्क माझ्या भागीदारांचा, आणि त्यांनी नको म्हटलं तर कंपनीत तयार झालेल्या ॲबोरिजिनल इलेक्ट्रिशियनचा. तसं आमच्या भागधारक करारात लिहिलेलं आहे, आणि किंमत कशी ठरवायची त्याचं सूत्रही.