दगडावर वचन का नाही

ईस्टरच्या पहाटे कबरस्तानातली उपासना संपते, मेणबत्त्या विझतात आणि कोणीतरी ताईच्या कबरीपाशी थांबून विचारतंच, "सगळ्यांच्या दगडावर बायबलमधलं वचन आहे, हिच्याच का नाही?" 2014 पासून ऐकते आहे. "बघू, करू" म्हणत वेळ मारून नेली. आता तुम्ही विचारलंतच म्हणून एकदाचं सांगते.

पैसे नव्हते म्हणून नाही. विश्वास उडाला म्हणूनही नाही. आमचं घराणं ख्रिस्ती धर्मोपदेशक नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या बेथेल गावचं, आणि मी आजही दर रविवारी मंडळीत असते. वचन ठरलंही होतं. यशया 35 : लंगडा हरणासारखा उड्या मारील. पाळकसाहेबांनी सुचवलं, आई हो म्हणाली, दगड कोरणाऱ्याकडे कागद गेला. दुसऱ्या दिवशी मी जाऊन तो परत आणला.

ताईला तुम्ही पहिल्या बाकाशेजारी, तिच्या खुर्चीत, वर्षानुवर्षं पाहिलंय, तेव्हा ती कशी होती ते सांगत बसत नाही. जन्मल्यावर रडायला उशीर झाला, मेंदूला प्राणवायू कमी पडला, एवढं डॉक्टर म्हणाले. बाकीचं लोक म्हणाले. कोणाच्या पापामुळे हा आंधळा जन्मला, असं शिष्यांनी विचारलं तेव्हा येशूने 'याच्याही नाही, आईबापांच्याही नाही' असं सांगितलं. योहानाचा हा 9 वा अध्याय आपल्याकडे सगळ्यांना पाठ. तरी आईला "काही राहिलंय का कबूल करायचं?" असं विचारायला घरी येणारी माणसं आपल्यातलीच होती.

1996 साली मैदानावर चंगाईच्या, म्हणजे प्रार्थनेने आजारी माणसं बरी करण्याच्या, सभा झाल्या. ताई 18 वर्षांची, मी 14 ची. तीन दिवस मी उपास धरला होता. शेवटच्या संध्याकाळी रिक्षा दारात आली, वडील खुर्ची चढवायला लागले आणि मी आडवी गेले. खुर्ची नेली म्हणजे आपला विश्वास नाही, म्हटलं. वडिलांनी माझ्याकडे बघितलं, मग खुर्ची परत आत ठेवली.

प्रचारकाने प्रेषितांची कृत्ये 3 वाचलं, पेत्र लंगड्याला उठवतो ते. मग ताईला वर आणायला सांगितलं. एका बगलेत स्वयंसेवकाचा हात, दुसऱ्या बगलेत माझा. माइकमधून "चाल, येशूच्या नावाने चाल!" ताईचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढून ताठ झाले होते, अंगठे फळीवर घासत होते. खाली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. आणि ताई "अं‌ऽ, अं‌ऽ" करत होती. घास मोठा झाला, दाट करून द्यायचं पाणी पातळ झालं की ती असाच आवाज काढायची. त्या आवाजाचा अर्थ 'बस' असा होता. त्या मंडपात तो आईवडिलांना आणि मला, तिघांनाच कळत होता. मला कळला. आणि मी त्यावर आवाज चढवून "हालेलूया" म्हटलं.

प्रचारकाने हात सोडायला सांगितलं. मी सोडला. हनुवटीला पाच टाके पडले. "या घरात कोणाच्या तरी मनात शंका आहे," असं माइकवरून सांगितलं गेलं. खुर्ची घरी होती. वडिलांनी तिला पाठीवर घेतलं. पुढे आठ-दहा दिवस तिने माझ्या हातून घास घेतला नाही. चमचा आईच्या हातात गेला की तोंड उघडायची.

त्या वचनाचा काय दोष? मी स्वतःला हे कितीदा विचारलंय. यशयाने कोणाला ओढलं नव्हतं. पण हरिण म्हटलं की मला ते अंगठे दिसतात.

2013 च्या दुष्काळात ती गेली. ठसका लागला, छातीत गेलं, न्यूमोनिया झाला. टँकरची पाळी नव्हती, तर मंडळीतल्या बायकांनी घरोघरची एकेक कळशी आणून तिला आंघोळ घातली. हे मी विसरणार नाही. त्याच बायका म्हणाल्या, "सुटलं माय लेकरू." कोणापासून सुटलं? आमच्यापासून?

पाळकसाहेबांना मी सांगितलं : मरणातून उठलेल्या येशूच्या हातांना खिळ्यांचे व्रण होते, त्याच्या शिष्याने, थोमाने पाहिले. मग ताईची वाकडी बोटंही तशीच भेटतील. मला तीच ओळखीची आहेत. ते ऐकून घेऊन म्हणाले, "आणि तिला काय हवं होतं?"

गल्लीतल्या मुली दोरीवरच्या उड्या मारायच्या तेव्हा ताई प्रत्येक उडीला खुर्चीच्या फळीवर हात आपटायची, मोठ्याने. बघूनच किती खूश असते, असं मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले. पण 'मलाही द्या' म्हणतानाही ती तसाच हात आपटायची. मोसंबी दिसली की तसाच. तेव्हा ती खूश होती की मागत होती, मला खरंच माहीत नाही. सांगताना मात्र मी मला सोयीचं तेच सांगितलं.

आता आईला गुडघ्यांमुळे कबरीपर्यंत चालवत नाही. फाटकाशी खुर्ची टाकून बसते. गेल्या ईस्टरला तिथूनच म्हणाली, "ते वचन माझ्यासाठी पाहिजे गं. 34 वर्षं मी उचललं तिला. एकदा तरी ती आपल्या पायाने माझ्याकडे येताना दिसू दे."

मी काही बोलले नाही. कागद अजून माझ्याकडेच आहे.