आधी झाड, मग साल

‘झाडाची औषधी साल ओळखायची कशी आणि काढायची कशी?’ झाडं बघायला बरोबर येणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच. बहुतेकदा लगेच फोन पुढे येतो. फोटोत तळहातावर सालीचा एक तुकडा, आणि प्रश्न: ‘हा अर्जुनच ना?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सुट्या तुकड्यावरून मी नाव सांगत नाही. एकाच झाडाची साल कोवळ्या फांदीवर गुळगुळीत असते, जुन्या बुंध्यावर फुटलेली असते, ओलसर बाजूला दगडफुलाने रंग पार बदललेला असतो. आणि वाळून तिचा चुरा झाला की भल्याभल्यांना कळत नाही. म्हणून आधी पान, फूल, फळ बघून झाड पक्कं करायचं. साल ही शेवटची खूण.

अर्जुनाचंच घ्या. त्याचा भाऊबंद ऐन. दोघांच्या फळांना पाच पंख, पानंही बरीचशी सारखी. मोठी झाडं शेजारी असली तर प्रश्नच नाही: अर्जुनाचा बुंधा पांढुरका, गुळगुळीत, त्याचे चपटे पापुद्रे आपोआप सुटतात, ऐनाची साल काळपट आणि मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगाळलेली. पण कोवळा ऐन इतका फुटलेला नसतो, तिथे गडबड होते. अशा वेळी खाली पडलेलं वाळकं फळ उचला आणि पंख उजेडासमोर धरा. अर्जुनाच्या पंखावरच्या शिरा वरच्या बाजूला वळत जातात, ऐनाच्या सरळ आडव्या कडेपर्यंत पोचतात. एकदा बघितलं की विसरत नाही.

अशोकाचा घोळ याहून मोठा. बागेत, रस्त्याकडेला भाल्यासारखं सरळ वाढणारं, नागमोडी कडांच्या पानांचं झाड म्हणजे औषधातला अशोक नव्हे. औषधी अशोकाचं पान संयुक्त, म्हणजे एका देठावर पर्णिकांच्या जोड्या. कोवळी पालवी तांबूस, लोंबती. फुलं केशरी-लाल, झुबक्यांनी आणि जुन्या लाकडावरसुद्धा येणारी. नावाच्या साधर्म्यामुळे पहिल्याची साल दुसऱ्याच्या नावावर सर्रास खपते. खरा अशोक रानात इतका कमी झालाय की तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलेला आहे. रानातल्या अशोकाला सालीसाठी हात लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कुड्यातही तेच. पांढऱ्या, म्हणजे औषधी कुड्याच्या दोन लांब शेंगा टोकाला सुट्या असतात, काळ्या कुड्याच्या टोकाशी जुळलेल्या. चीक दोघांनाही पांढराच, त्यामुळे चिकावर जाऊ नका.

आता काढण्याकडे. छाटलेल्या फांदीवर नखाने खरवडून बघा. वरची कोरडी, मेलेली साल निघते, खाली हिरवट थर, त्याखाली ओलसर, चिवट अंतर्साल, आणि मग बुळबुळीत पांढरं लाकूड. पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडे जातं ते या अंतर्सालीतून. बुंध्याभोवती तिचं पूर्ण कडं सोललं तर मुळं उपाशी मरतात. पाणी मात्र आतल्या लाकडातून वर चढत राहतं, म्हणून झाड पुढेही बरेच दिवस हिरवं दिसतं. सोलणारा तोवर निघून गेलेला असतो, आणि ‘काही झालं नाही झाडाला’ असं तो सगळीकडे सांगतो.

म्हणून मला विचाराल तर बुंध्याला सुरी लावूच नका. छाटणीच्या फांद्या, वादळात मोडलेल्या ताज्या फांद्या, कापावंच लागलेलं झाड, यांतून घरच्या गरजेपुरती साल सहज मिळते. दालचिनीची लागवड याच तत्त्वावर चालते: झाड बुडाशी छाटायचं, नवे धुमारे येऊ द्यायचे आणि ते कापून सोलायचे. सिंकोना, म्हणजे ज्याच्या सालीतून हिवतापावरचं क्विनीन मिळतं ते झाड. त्याच्या बाबतीत १८६०च्या दशकात उटीच्या सरकारी मळ्यांचा अधीक्षक मॅकआयव्हर याने वेगळी शक्कल काढली. सालीच्या उभ्या पट्ट्या काढायच्या आणि जखम शेवाळाने झाकायची. खाली नवी साल धरायची, आणि तिच्यात क्विनीन जास्त मिळायचं.

बुंध्यावरूनच घ्यायची वेळ आली, तर झाड पूर्ण वाढलेलं हवं, पट्टी उभी आणि अरुंद हवी, आणि सुरी लाकडापर्यंत जाता कामा नये. घेराचा चौथा भाग ही माझी वरची मर्यादा. जखम भरून येईपर्यंत त्या झाडाकडे पुन्हा फिरकायचं नाही. झाड जोमाने वाढत असताना साल लाकडापासून पटकन सुटते, नेमकी तेव्हाच खोल जखम व्हायची भीती जास्त. वाहत्या रस्त्याच्या किंवा कारखान्याच्या कडेची साल घेऊ नये.

वाळवणं सोपं, पण लोक इथेच कंटाळतात. बाहेरचा मेलेला थर आणि दगडफूल खरवडा, बोटभर पट्ट्या करा, सावलीत वारा लागेल अशा एकेरी पसरा. वाकवल्यावर कटकन मोडली की झाली. बुरशी दिसली तर सगळं फेका. बुरशीची काही विषं उकळूनही जात नाहीत. बरणीवर झाडाचं नाव आणि तारीख लिहा.

ताजी साल जास्त गुणकारी, हाही एक समज. युरोपातल्या फ्रँगुला झाडाची आणि अमेरिकेतल्या कॅस्कराची साल रेचक म्हणून वापरतात, पण ताजी घेतली तर जोरदार उलट्या होतात. ती वर्षभर ठेवून किंवा उष्णता देऊनच वापरायची असते.

आणि ‘साल म्हणजे झाडपाला, त्याने काय होणार?’ असं म्हणणाऱ्यांसाठी थंड प्रदेशातल्या विलो या झाडाचं उदाहरण. १७६३ मध्ये एडवर्ड स्टोन या इंग्रज पाद्र्यांनी त्याच्या सालीचा तापावरचा उपयोग लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेला पत्राने कळवला. १८२८ मध्ये तिच्यातून सॅलिसिन हे औषधी द्रव्य वेगळं केलं गेलं. ॲस्पिरिन याच कुळातलं. त्यामुळे ज्यांना ॲस्पिरिन चालत नाही किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी विलोची साल घेऊ नये. लहान मुलांनाही देऊ नये. अर्जुनाची साल हृदयाच्या गोळ्यांबरोबर घ्यायची असेल तर आधी डॉक्टरांना सांगा, आणि त्यासाठी चालू गोळी परस्पर बंद करू नका.