तुम्ही विचारलंत म्हणून: घरच्यांनीच केलं ना?

आमच्या वाचकमंडळात मी एकदा जॉनबेने रॅम्सी खून प्रकरणावर तासभर बोलले होते. त्याला बरीच वर्षं झाली. तरी अजून कुठल्याही समारंभात कोणीतरी कोपऱ्यात गाठतंच आणि आवाज बारीक करून विचारतं, "घरच्यांनीच केलं ना हो? तुम्हाला काय वाटतं?" त्या 'ना हो'तच उत्तर आलेलं असतं. माझ्याकडून फक्त मान हलवायची अपेक्षा असते.

ज्यांना प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत, कोलोराडो राज्यातलं बोल्डर. 26 डिसेंबर 1996, पहाटे 5 वाजून 52 मिनिटं. जॉनबेनेची आई पॅट्सी रॅम्सी पोलिसांना फोन करते: सहा वर्षांची जॉनबेने घरात नाही, खंडणीची चिठ्ठी सापडली आहे. चिठ्ठी अडीच पानांची, मागणी 1,18,000 डॉलरची. दुपारी एकच्या सुमारास मुलीचे वडील जॉन यांनाच तळघरात तिचा मृतदेह सापडला. त्यांनी तो उचलून वर आणला. तोवर घरात मित्रमंडळींची ये-जा चालू होती, म्हणजे जो काही पुरावा होता त्यावरून दहा जणांचे पाय फिरून गेले होते. आजतागायत या खुनासाठी कोणावरही खटला चाललेला नाही.

घरच्यांवर संशय घेणं हा काही वेडेपणा नव्हता. चिठ्ठीचा कागद घरातल्याच पॅडचा, पेनही घरातलंच. खंडणीची रक्कम जॉन यांना त्या वर्षी मिळालेल्या बोनसच्या अगदी जवळची. 1999 साली ग्रँड ज्युरीने, म्हणजे आरोप ठेवावेत की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आईवडिलांवर आरोप ठेवावेत असा कौलही दिला होता. तो खुनाचा नव्हे, तर मुलीला धोक्यात राहू दिल्याचा आणि गुन्हेगाराला मदत केल्याचा. जिल्ह्याचे सरकारी वकील अ‍ॅलेक्स हंटर यांनी पुरावा पुरेसा नाही म्हणून त्यावर सही केली नाही, आणि हे लोकांना कळलं ते थेट 2013 मध्ये.

त्या भाषणात मी सांगून टाकलं होतं की चिठ्ठी आईनेच लिहिली. पॅट्सी 2006 मध्ये कर्करोगाने गेली होती, त्यामुळे माझं म्हणणं खोडायला ती येणार नव्हती. हस्ताक्षर तज्ज्ञांनी तिला पूर्णपणे वगळलं नाही, एवढं एकच वाक्य मी कुठेतरी वाचलं होतं, आणि त्यावर टाळ्या घेतल्या. पुढे 2003 सालच्या एका अब्रुनुकसानीच्या दाव्याचा निकाल वाचला. तिथे सहा तज्ज्ञांचा हवाला आहे. चिठ्ठी तिची आहे असं एकानेही म्हटलेलं नाही, उलट बहुतेक ती तिची नसावी असाच त्यांचा कल होता. खून बाहेरच्या माणसाने केला असावा, याकडे न्यायाधीशांचं मत झुकलेलं. 2008 मध्ये तेव्हाच्या सरकारी वकील मेरी लेसी यांनी मुलीच्या कपड्यांवर सापडलेल्या, कुटुंबाबाहेरच्या माणसाच्या डीएनएच्या आधारे कुटुंबाला निर्दोष ठरवणारं पत्र दिलं. ते मी भाषणाआधी वाचलेलं होतं, खोटं कशाला बोलू. पण त्यावर आक्षेप घेणारेही आहेत ना, असं म्हणून ते टिपणांच्या तळाशी सरकवलं होतं.

हौशी तपासात हे असंच होतं. आधी गुन्हेगार ठरतो, मग धागे जमतात. बोनसएवढी रक्कम? वडील दोषी धरलेत तर हा चक्क कबुलीजबाब. बाहेरचा धरलात तर त्याने घरातले कागद चाळले असणार. "बर्फात पावलं नव्हती" हे तर मी शंभरदा ऐकलंय. घराभोवतीच्या वाटांवर ठिकठिकाणी बर्फच नव्हता, तर पावलं उमटणार कशावर? टेबलावर अननसाचा वाडगा होता, त्यावर आईच्या आणि नऊ वर्षांच्या भावाच्या बोटांचे ठसे होते, आणि मुलीच्या पोटात अननस सापडला. एवढ्यावरून लोकांनी त्या पोराला खुनी ठरवलं. 2016 मध्ये सीबीएस वाहिनीने दोन भागांत हाच तर्क मांडला. भावाने 75 कोटी डॉलरचा दावा लावला आणि 2019 मध्ये तडजोड झाली. पोलिसांनी त्याला कधी आरोपी केलं नव्हतं.

ऑस्ट्रेलियातली अझारिया चेंबरलेन आठवते का? 1980 साली नऊ आठवड्यांची मुलगी तंबूतून नाहीशी झाली. आई म्हणत होती, डिंगो या जंगली कुत्र्याने नेलं. पण आई टीव्हीवर पुरेशी रडली नाही म्हणून लोकांनी आधीच निकाल लावला. गाडीत बाळाचं रक्त सापडलं असं तज्ज्ञाने शपथेवर सांगितलं, आणि 1982 मध्ये तिला जन्मठेप झाली. ते डाग निघाले गाडीचा आवाज दाबायला मारलेल्या रसायनाचे. बाळाचं जॅकेट 1986 मध्ये सापडलं तेव्हा ती सुटली. मृत्यू डिंगोमुळेच झाला अशी अधिकृत नोंद व्हायला 2012 उजाडलं.

आता फोनचं सांगते. पॅट्सीच्या त्या फोनच्या शेवटी, रिसीव्हर नीट ठेवला गेला नव्हता त्या काही सेकंदांत, भावाचा आवाज ऐकू येतो आणि तो "तुला काय सापडलं?" असं विचारतो, असा दावा आहे. आईवडील म्हणाले होते की मुलगा तेव्हा झोपलेला होता. मी हेडफोन लावून ते ऐकलं. पहिल्या चार वेळा नुसती खरखर. मग तो मजकूर समोर ठेवून ऐकलं, तर लख्ख ऐकू आलं.

शंका आली म्हणून भाच्याला बोलावलं. काहीही न सांगता ती खरखर ऐकवली. "वॉशिंग मशीन आहे का?" तो म्हणाला. दुसऱ्यांदा म्हणाला, "कोणी खोकतंय." मग मी कागदावर तीन शब्द लिहून त्याच्या पुढ्यात ठेवले आणि परत लावलं. त्याने हेडफोन काढून माझ्याकडे पाहिलं. "मावशी, हे तर स्पष्ट आहे!"

मी त्याला म्हटलं, आता कागद उलटा कर आणि पुन्हा नुसती खरखर ऐक.

त्याने बराच वेळ प्रयत्न केला. जमेना. मलाही अजून जमलेलं नाही.