क्वेंतो, पण कोंतामोस: स्पॅनिश क्रियापदांची पुढची नोंद

मागच्या वेळी नियमित क्रियापदांचे तिन्ही गट संपवले होते: आर, एर आणि इर. आब्लार म्हणजे बोलणं, कोमेर म्हणजे खाणं, बिबिर म्हणजे राहणं. (स्पॅनिशमध्ये एच मुका आणि व्ही-बीचा उच्चार एकच, म्हणून मी कानाला येतं तसंच लिहितो.) आर गटाचे वर्तमानकाळाचे प्रत्यय आता झोपेतून उठवलं तरी सांगतो: ओ, आस, आ, आमोस, आन. 'बोसोत्रोस'चं (तुम्ही सगळे) रूप मी मुद्दाम सोडून दिलंय. ते स्पेनमध्ये चालतं. लॅटिन अमेरिकेत अनेकांशी बोलताना 'उस्तेदेस' म्हणतात आणि त्याला 'ते लोक'चंच रूप लागतं. मी ऐकतो ते बहुतेक मेक्सिकोकडचं, तेव्हा पाठांतराचं एक घर कमी.

कर्ता गाळायची सवय आपल्याला लावावी लागत नाही. 'जेवलास का?' मध्ये 'तू' कुठं असतो? तसंच तिकडंही. वर आणखी एक सूट: बाई असो की बाप्या, 'कोमो' म्हणजे कोमोच. जातो-जातेची भानगड नाही.

या खेपेला पुस्तकातली यादी बाजूला ठेवली आणि मोंढ्याची यादी केली. परभणीला अडत दुकानात हिशेब लिहितो, त्यामुळे दिवसभर जे चालतं तेच घेतलं: कोम्प्रार (विकत घेणं), बेंदेर (विकणं), पेसार (वजन करणं), कोंतार (मोजणं), आब्रीर (उघडणं), सेर्रार (बंद करणं). मापाडी काट्यावर सोयाबीनचा कट्टा चढवतो तेव्हा माझं तोंडातल्या तोंडात सुरू: पेसो, पेसास, पेसा. आमचे एक जुने हमाल विचारतात, "मुनीमजी, कायची पोथी वाचायलाव?"

खरी मजा कोंतारमध्ये आहे. 'मी मोजतो' म्हणजे कोंतो नाही, क्वेंतो. क्वेंतास, क्वेंता, क्वेंतान. आणि 'आम्ही मोजतो' मात्र कोंतामोस. सेर्रारचंही तेच: सिएर्रो, पण सेर्रामोस. चार रूपं बिघडलेली आणि 'आम्ही' तेवढं सरळ. बहुतेक ठिकाणी ही चार रूपं चौकटीत आखून पाठ करायला लावतात. मला ते पटत नाही. कारण कळलं की चौकट लागतच नाही.

कारण आहे आघात. स्वर, एन किंवा एसने शब्द संपला की जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. क्वेंतोमध्ये तो मूळ धातूवर येतो, म्हणून लॅटिनमधून येताना तिथला ओ फुटून 'उए' झाला. कोंतामोसमध्ये जोर 'ता'वर सरकला, मग ओ आहे तसा राहिला. ए फुटतो तेव्हा 'इए' होतो. आपल्याकडं मीठ-मिठाचा, पूल-पुलावर असं होतं ना, साधारण त्याच जातीचं: पुढं प्रत्यय लागला की आतला स्वर बदलतो. मोठ्यानं म्हणून बघा, चूक झाली की कानालाच खटकेल.

पण प्रत्येक ओ किंवा ए फुटत नाही. कोमेरचं कोमो, कोम्प्रारचं कोम्प्रो, सरळ. कुठलं क्रियापद फुटणार हे मात्र शिकूनच घ्यावं लागतं. शिकणाऱ्यांसाठीच्या बऱ्याच शब्दकोशांत क्रियापदापुढं कंसात तसं दिलेलं असतं. माझी आवडती जोडी पेसार आणि पेन्सार. पहिल्याचं पेसो (मी वजन करतो), दुसऱ्याचं पिएन्सो (मी विचार करतो). मध्ये एक न काय आला, सगळा कारभार बदलला.

चालू क्रियेचं रूप आपल्या भागातल्या माणसाला पटकन बसतं. 'जेवायलोय' म्हणजे एस्तोय कोमिएंदो, 'मोजायलोय' म्हणजे एस्तोय कोंतांदो. आपण 'जेवाय'ला 'लोय, लास, लाव' जोडतो; तिकडं कोमिएंदो तसंच ठेवून एस्तोय, एस्तास, एस्ता फिरवायचं. कोंतांदोमध्ये ओ फुटला नाही हे ध्यानात आलं असेल. जोर पुढं गेला.

सेर आणि एस्तारला दोन ओळींतच उरकतो, कारण त्यावर सगळेच लिहितात. सोया महाग आहे आणि सोया गोदामात आहे, दोन्हीकडं आपलं 'आहे'. त्यांचं पहिलं 'एस', दुसरं 'एस्ता'.

आता भूतकाळ उघडलाय. इथं आघातानंच काळ बदलतो: पेसो म्हणजे मी वजन करतो, पेसोऽ असा शेवटी जोर दिला की त्यानं वजन केलं. लिहिताना शेवटच्या ओवर तिरकी रेघ. कोंतार तर या काळात अगदी गुणी झालंय: कोंतेऽ (मी मोजलं), कोंतास्ते (तू मोजलंस), कोंतोऽ (त्यानं मोजलं), कुठंच फूट नाही, कारण जोर सगळीकडं धातूच्या पुढं. आता इर गटाकडं वळलो तर तिथं पेदीर (मागणं) आणि दोर्मीर (झोपणं) आडवे आलेत. 'त्यानं मागितलं' पिदिओ, 'तो झोपला' दुर्मिओ. जोर शेवटी असूनही आतला स्वर हलतोय. दसऱ्यानंतर आवक वाढली की हातात वेळ कमी, म्हणून पुढची नोंद फक्त या दोघांवर.