ढलप्या पडतायत की भुसा?

तौक्ते चक्रीवादळ १७ मे २०२१ला मुंबईजवळच्या समुद्रातून पुढे सरकलं आणि ओवळ्याच्या आमच्या अंगणातला गुलमोहर मुळासकट आडवा झाला. मुळं वरच्यावर पसरणारं, ठिसूळ लाकडाचं झाड, वाऱ्यापुढे टिकलं नाही. ठाण्यात त्या दिवशी इतकी झाडं पडली होती की महापालिकेची माणसं रस्ते मोकळे करण्यातच गुंतलेली. १९७५च्या वृक्ष कायद्यानं शहरात परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, म्हणून पडलेल्या झाडाचेही फोटो काढून आधी उद्यान विभागाला लेखी अर्ज दिला. मगच दिरांची पेट्रोलवरची सोळा इंची चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, बाहेर काढली.

पहिल्या दिवशी अर्धा तास झाला नाही तोच खांदे भरून आले. बार, म्हणजे जिच्या कडेनं साखळी फिरते ती लांब पट्टी, लाकडात उतरेना, म्हणून मी जोर लावून दाबत होते. वाडीतली लाकडाची कामं करणारे एक दादा कुंपणापाशी थांबले, खाली वाकून चिमूटभर भुसा उचलला आणि बोटांत चोळला.

"वहिनी, बंद करा आधी. हे पीठ पडतंय. धार असली तर ढलप्या पडतात. आणि करवत ढकलायची नसते, तिच्या वजनानं उतरू द्यायची."

त्यांचं ऐकून यंत्र बंद केलं असतं तर बरं झालं असतं. एवढी फांदी संपवू म्हणून मी पुन्हा दाबलं. बारच्या टोकाचा वरचा कोपरा मागच्या फांदीला टेकला आणि पापणी लवायच्या आत यंत्र तोंडाच्या दिशेनं उसळलं. माझं डावं मनगट पुढच्या मुठीसमोरच्या गार्डवर आदळलं, तो पुढे ढकलला जाऊन ब्रेक लागला, साखळी थांबली. हे लिहितानाही हात गार पडतात. डावा अंगठा पुढच्या मुठीखालून घट्ट वळवलेला होता म्हणून यंत्र हातातून सुटलं नाही. टोकाच्या वरच्या कोपऱ्यानं कधीच कापायचं नाही आणि खांद्याच्या वर करवत न्यायची नाही, हे मला त्या दिवशी कायमचं कळलं.

दुसऱ्या दिवशी दादांनी ओट्याला शिकंजा लावून बार घट्ट बसवला आणि धार लावायला शिकवलं. आमच्या साखळीला चार मिलिमीटरची गोल कानस लागते; दुसऱ्या मापाच्या साखळीला कानसही दुसरी. प्रत्येक दात तीस अंशांत, कानस फक्त पुढे ढकलायची, परत येताना उचलायची. प्रत्येक दाताला सारखेच फटके. चौदा डावे दात आधी, मग बाजू बदलून चौदा उजवे. एका बाजूचे दात लहान झाले तर काप तिरका जातो. बोथट दाताची कड उन्हात धरली की तिच्यावर बारीक पांढरी रेघ चमकते. ती रेघ दिसेनाशी झाली की दात तयार. प्रत्येक दातापुढचा छोटा उंचवटाही पट्टी ठेवून तपासायचा. तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. जास्त घासला तर करवत लाकडात अडकून झटके देते. पहिल्यांदा मला दीड तास लागला.

बाकीची निगा त्या मानानं सोपी. थंड साखळी बारच्या खालच्या कडेला टेकलेली हवी, पण हातमोजा घालून ओढली की फिरली पाहिजे. बारची खाच आणि तेलाचं भोक खरवडून काढायचं आणि दर वेळी बार उलटा बसवायचा, म्हणजे एकच कड झिजत नाही. आमच्या यंत्राला लिटरभर पेट्रोलात वीस मिलिलिटर टू-टी ऑइल लागतं. साखळीचं तेल वेगळं. पावसाळ्याआधी टाकी पूर्ण रिकामी करते, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढतं. एका वर्षी तसंच ठेवलं तर कार्बोरेटर खोलावा लागला.

यंत्र विकणाऱ्यानं यातलं काहीच सांगितलं नव्हतं, त्याचा राग अजून आहे. करवतीबरोबर मांड्या झाकणाऱ्या चॅप्स आणि जाळीच्या झडपेचं हेल्मेट घ्या, एवढं तरी त्यानं सांगायला हवं होतं. चॅप्समधले लांब धागे साखळीत गुंततात आणि ती जागीच थांबते. आवाज शंभर डेसिबलच्या वर जातो, म्हणून कानांवर मफ. चालू करताना करवत जमिनीवर, ब्रेक लावलेला, उजवा पाय मागच्या मुठीत. हातात लटकत धरून दोरी ओढणारे पाहिले की माझ्या पोटात गोळा येतो.

दोन्ही टोकांवर टेकलेलं खोड कापायचं असेल तर वरून एक तृतीयांश आणि बाकीचं खालून, नाहीतर बार चिमटतो. गुलमोहराचं खोड आम्ही तसंच कापलं. मागच्या वर्षी नारळ पडला, तेव्हा एका दिवसात दोनदा कानस लावावी लागली; नारळाचं खोड धार खाऊन टाकतं.

या मे महिन्यात पुतण्या शिकायला बसलाय. दोरीला अजून हात लावू दिलेला नाही. सध्या त्याच्याकडे चार मिलिमीटरची कानस आहे आणि डाव्या बाजूचे चौदा दात.